मथळा दिसावा, बातमी दिसू नये

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझा खोकला गेला, वजन मात्र परत आलं.

आता कामाचं. हसणार नाही अशी शपथ घे आणि मगच पुढचं वाच. मी बस बांधतोय. वीतभर लांबीची, प्लास्टिकच्या सुट्या भागांची, बाबांच्या डेपोत असायची त्याच जातीची. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला द्यायची आहे. भाग चिकटवून झाले, लाल रंगही चढला, पण शेवटच्या वार्निशच्या हातावर घोडं अडलंय. चकचकीत केली तर नुकतीच पाकातून काढल्यासारखी दिसते आणि मॅट केली तर पिठाच्या डब्यात पडल्यासारखी.

बाबांनी पस्तीस वर्षं बसच रंगवल्या. मी त्यांच्या हाताखाली आठ महिने टिकलो. ज्या दिवशी त्यांनी मी रंगवलेली बसची अख्खी बाजू घासायला लावली, त्या दिवशी घासली, हात धुतले आणि निघालो तो थेट नकाशे काढायच्या नोकरीत. त्याला सव्वीस वर्षं झाली. आम्ही बोलतो, पण तब्येत आणि हवा यापलीकडे नाही. माझ्या हातच्या कामाला त्यांनी एकदा बरं म्हणावं, एवढीच माझी हाव आहे. तेव्हा खरी चकाकी किती असायची ते त्यांना हळूच विचार. माझं नाव काढू नकोस.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तरी माझी तक्रार नाही.

तुझा,
बारक्या


१५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

शपथ घेतली होती, तरी हसले. पन्नाशीला टेकलेला माणूस वीतभर बसपायी झोप घालवतोय. तुझ्या बायकोला माझा दंडवत सांग, तिचीच कमाल.

तुझं नाव काढायचं नाही म्हणून मी आडवळणाने म्हटलं की बाबा, आपलं स्वयंपाकघरातलं कपाट बससारखं दिसलं तर किती छान. झालं! ऐंशीला आलेले बाबा स्टुलावर चढले. चार दिवस कपाट घासतायत, डबे सगळे जमिनीवर, आणि चहाच्या वेळी मी साखर शोधत घरभर रांगतेय. हे सगळं तुझ्या नावावर.

पण माहिती मिळाली. बाबा म्हणाले की रंगवलेल्या पत्र्यासमोर वर्तमानपत्र धरायचं. मथळा उलटा का होईना, दिसावा. खालची बातमी दिसू नये. बातमी दिसली तर तो आरसा झाला, मथळाही दिसला नाही तर ती भिंत.

मग मी धीर करून तुझ्या त्या घासलेल्या बाजूचा विषय काढला. तर ते ब्रश धुवायला उठून गेले. ब्रश धुतलेलाच होता.

एक धपाटा पाठीत आणि एक हात डोक्यावर, दोन्ही पोचले असं समज.

तुझी,
ताई


६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कपाटाबद्दल कान धरतो.

बाबांची युक्ती करून पाहिली. वीतभर बससमोर अख्खं वर्तमानपत्र धरलं, तर तिच्यात एका जाहिरातीतला नुसता कान दिसला. बायकोने विचारलं की बसला बातम्या वाचून दाखवतोस की काय. मग डोक्यात प्रकाश पडला. बस लहान, तर अक्षरही लहान हवं. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो धरला. औषधाचं ठळक नाव दिसावं, बाकीचं दिसू नये.

तरी पहिल्यांदा वार्निशची बाटली नीट हलवली नाही. चमक कमी करणारी पूड तळाशीच राहिली आणि बसचा आरसा झाला. दुसऱ्यांदा हवा दमट होती, वार्निशवर दुधाळ डाग पडले. दोन्ही वेळा घासली. खोटं कशाला सांगू, घासताना डोळ्यांत पाणी आलं. तीच बाजू पुन्हा घासतोय असं वाटलं. तिसऱ्यांदा बाटली हात दुखेपर्यंत हलवली, कोरडी दुपार गाठली आणि पातळ हात मारला. जमलंय बहुतेक.

पार्सलने पाठवतोय, वर नाव न घालता. त्यांना आवडली तर कळव. नाहीतर कपाटावर ठेवून दे आणि मला काही सांगू नकोस.

लोभ कमी करशील तर साखर लपवायला स्वतः येईन.

तुझा,
बारक्या


१९ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, पार्सलवर नाव घातलं नाहीस, पण पत्ता तुझ्याच नकाशातल्या अक्षरात लिहिलास! बाबांनी अक्षर पाहिलं आणि ओळखलं. बस खिडकीत नेली, चष्मा पुसला, वर्तमानपत्र मागितलं. ते धरून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि माझ्या गोळ्यांच्या खोक्यातला कागद काढला. देवाशपथ, मी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

आणि पुढचं ऐक. काल सकाळी काठी घेऊन एकटेच बाहेर गेले, जेवायच्या वेळेला घामाघूम होऊन आले. कुठे गेला होता म्हणून विचारलं तर मलाच पाणी आणायला पिटाळलं. मग हे सोबतचं पत्र लिहायला बसले. मी वाचलेलं नाही. पाकीट त्यांनी स्वतःच बंद केलं, आणि डिंक इतका लावलाय की तुलाही उघडेल की नाही कोण जाणे.

वाचलंस की मला लिही, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
ताई


१८ मार्च

चि. बारक्या,
अनेक आशीर्वाद.

तुझी बस मिळाली. छत थोडं कमी चमकायला हवं होतं. ऊन वरून लागतं, तिथली चमक आधी जाते. मागच्या दाराजवळ बोटाचा ठसा राहिलाय. बाकी चकाकी बरोबर आहे. हे वाक्य उगाच दोनदा वाचू नकोस.

आता त्या बाजूचं. तू डबा खायला गेला होतास. फोरमन आले, बसभोवती फिरले आणि तुझ्या बाजूपाशी थांबून म्हणाले की उस्ताद, तुमचा हात लपत नाही, पलीकडची बाजू पोराची दिसते. पलीकडची माझी होती. मी तोंड उघडलं नाही. तेवढ्यात तू आलास आणि हसत विचारलंस की कशी झालीय. मला तुझ्याकडे बघवेना. घासून काढ म्हणालो. तू डबा बाजूला ठेवलास आणि घासलीस.

घासण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. सव्वीस वर्षं हे मला माहीत आहे आणि तुला नाही.

फोरमन तीन गल्ल्या सोडून मुलीकडे राहतात. आज त्यांच्याकडे जाऊन ती बाजू कोणाची होती ते सांगून आलो. त्यांना आता ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा सांगितलं. तू वाढदिवसाला ये. तुझ्यासमोर तिसऱ्यांदा सांगतो.

तुझा,
बाबा