शिंगाड्याचा काटा

मंगळवार, संध्याकाळ. नाशिक.

सातपूरला नव्या कारखान्याच्या पायाच्या खोदकामातून आणलेल्या काळ्या मातीत पाणथळीतल्या लव्हाळ्याच्या जुन्या बिया मिळाल्या, म्हणून तिथे पूर्वी तळं असावं असं मी म्हटलं, तेव्हा प्रयोगशाळेतले सर म्हणाले होते, "पुरात वाहत आल्या असतील. तिथे तळंच होतं कशावरून?" तेव्हापासून मनाला नुसती टोचणी. आज तीच माती धुताना चाळणीत शिंगाड्याचं दगडासारखं झालेलं फळ निघालं. आणि काटा शाबूत! वाहत आलं असतं तर तो मोडला नसता का? सरांनी भिंगातून पुन्हापुन्हा तो काटाच पाहिला. "मान्य. हे तिथेच वाढलंय. म्हणजे तळं होतं."

केवढं हलकं वाटलं! बाबा सातपूरहून शिफ्ट संपवून आले, त्यांना सगळं सांगितलं. बूट काढता काढता म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर तळ्यातच नोकरी केली म्हणायची!"