तांदळे साऊंड सर्व्हिसचे दुकान कोणाचे

मी, रामकिसन गणपत तांदळे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लाऊडस्पीकर व मंडप भाड्याने देणे, राहणार मांजरसुंबा, तालुका व जिल्हा बीड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय आणि चष्मा लावून लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझा उजवा कान अधू असल्याचे नमूद आहे. जन्मभर भोंग्यांच्या शेजारी बसल्यावर दुसरे काय होणार? पण कान अधू असला तरी डोके ठिकाणावर आहे, असे त्याच डॉक्टरांनी लिहून दिले आहे.

वकीलसाहेबांनी करून दिलेला मसुदा चांगला होता, पण त्यात मी कुठेच नव्हतो. म्हणून कलमे त्यांची ठेवली आणि मजकूर माझा घातला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझ्या कुटुंबात पत्नी सौ. मालनबाई, एकुलता मुलगा अभिमन्यू, सून आणि नातवंडे आहेत. धाकटी बहीण विजयमाला नागरगोजे सिरसाळ्याकडे दिलेली आहे. बहीण कायद्याने माझी वारस होत नाही, असे वकीलसाहेब म्हणतात. त्यांचे बरोबरच असेल. तरी तिचे नाव इथे असू द्यावे.

कलम २. राहते घर मालनबाईच्या हयातीत तिचे आणि तिच्या पश्चात अभिमन्यूचे. मालनबाईची खोली बदलू नये. तिला भिंतीकडे तोंड करून झोपायची सवय आहे आणि ती भिंत तिथेच आहे.

कलम ३. वडिलोपार्जित जमीन निम्मी माझी, निम्मी विजयमालेची. आमच्याकडे बाप गेला की बहिणी तलाठ्यासमोर हक्क सोडतात आणि भाऊ त्यांना लुगडे घेतो. मी तसली सही घेतलेली नाही, सातबाऱ्यावर तिचे नाव आहे. माझा हिस्सा अभिमन्यूला. त्याने आत्याला लुगडे जरूर घ्यावे, पण सहीसाठी घेऊ नये.

कलम ४. नवे साऊंडबॉक्स, मिक्सर, जनरेटर, मंडपाचे सगळे सामान आणि मालवाहू टेम्पो अभिमन्यूला. घरामागची मोकळी जागा गोदामासाठी त्यालाच. पोरगा कष्टाळू आहे. त्याला डीजेची गाडी करायची आहे, ती त्याने करावी. ज्या आवाजाने म्हाताऱ्याच्या छातीत धडकी भरते तो आवाज लोकांना आज हवा आहे, तर धंदा तोच करणार. माझी तक्रार नाही.

जुने भोंगे गणेश मंडळ आणि जयंती उत्सव समिती यांना निम्मे निम्मे द्यावेत. दोघांनीही आजवर वायर गाठी मारूनच परत केली आहे. या एका बाबतीत गावात पूर्ण समता आहे.

कलम ५. मंडपवाले हनुमान डेकोरेटर्स यांच्याकडे माझी लोखंडी शिडी गेली कित्येक वर्षे आहे. ती आता त्यांचीच समजावी. दर पोळ्याला "उद्या आणून देतो" म्हणण्याचा त्यांचा त्रास वाचेल.

श्री. विजयसिंह, जे गेल्या तीन निवडणुकांपासून इच्छुक आहेत आणि ज्यांना माझे दुकान संपर्क कार्यालयासाठी विकत हवे आहे, त्यांना मी एक माईक देतो. त्याची वायर आतून तुटलेली आहे. त्यांनी त्यावर मनसोक्त बोलावे.

कलम ६. आता दुकान. मांजरसुंब्याच्या चौकात, एसटी थांबते तिथून हाकेच्या अंतरावर, तांदळे साऊंड सर्व्हिस नावाचे जे दुकान आहे ते स्वकष्टार्जित असून त्यावर कोणताही बोजा नाही. हे दुकान मी 'सोबत' नावाच्या विद्यार्थी गटाला आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ऊसतोड बायांच्या मंडळाला देतो. गटाची नोंदणी झालेली आहे, कागद जोडला आहे.

हे वाचून अभिमन्यूला वाईट वाटेल, म्हणून कारण लिहितो. वकीलसाहेब म्हणाले, कारण लिहायची गरज नसते. मला आहे.

मी या जिल्ह्यातली भाषणे ऐकत म्हातारा झालो. मंत्री ऐकले, महाराज ऐकले, साखरेवर बोलणारे आणि साखर खाऊन बोलणारे ऐकले. भाषण ऐकून माझे जेवण कधी राहिले नाही. माणूस बोलायला उभा राहिला की हा माईक जवळ घेणार की लांब धरणार, एवढेच मी बघायचो.

गेल्या वर्षी पाडव्यानंतर, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून घरी परतल्यावर, सोबत गटाची पोरे माझ्याकडे आली. पुढे आम्रपाली वाघमारे होती. बीडला कायद्याचे शिक्षण घेते, बोलणे हळू आणि नजर सरळ. म्हणाली, "काका, बाजारतळावर बायांची सुनावणी घ्यायची हाय. ज्यांच्या पिशव्या काढल्या त्या बाया सोता बोलणार. पुढारी न्हाई, हारतुरे न्हाई, स्टेज न्हाई." पिशवी म्हणजे गर्भाशय, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. मी सेट दिला.

त्या दिवशी बाया इतक्या आल्या की बाजारतळ पुरेना. गेवराईकडच्या, तलवाड्याच्या, डोंगरपट्ट्यातल्या, सगळ्या जातींच्या, जमिनीवर मांडीला मांडी लावून बसल्या. मी बटण दाबणार तेवढ्यात वरून कोणाचा तरी फोन आला आणि लाऊडस्पीकरची परवानगी रद्द झाल्याचे सांगण्यात आले. कोणाचा फोन, हे मला आजही ठाऊक नाही. मला वाटले, संपले. भोंग्याशिवाय सभा होते हे मी ऐकलेच नव्हते.

आम्रपाली म्हणाली, "परवानगी यंत्राला लागती, काका. तोंडाला न्हाई लागत."

मग त्या पोरांनी जे केले ते मी याआधी कुठे पाहिले नव्हते. गर्दीत ठरावीक अंतरावर एकेक विद्यार्थी उभा राहिला. पुढे बाई एक वाक्य बोलायची. पहिला विद्यार्थी तेच मोठ्याने म्हणायचा, त्याचे ऐकून दुसरा, मग तिसरा, असे वाक्य मागपर्यंत जायचे. नियम असे. एक शब्द बदलायचा नाही. आपले मत मध्ये घालायचे नाही. बाई 'मी' म्हणाली तर आपणही 'मी'च म्हणायचे. आणि एखाद्याच्या जिभेला वाक्य जड झाले तर साखळीने थांबायचे, त्याला ओलांडून पुढे जायचे नाही.

शेवटच्या टोकाला माणूस कमी पडला. मी बंद सेटजवळ हात चोळत बसलो होतो. अलीकडच्या जागेवर नवनाथ होता, कॉलेजचा पोरगा. तो म्हणाला, "काका, उठा. मागच्यांना तुमी सांगा." मी उठलो आणि हयातभराच्या सवयीने तोंडाला मूठ लावून म्हणालो, "हॅलो, हॅलो, चेक." मागच्या सगळ्या बाया खो खो हसल्या. त्या हसल्या म्हणून मलाही धीर आला.

पण ते हसू तेवढेच. वाक्ये येऊ लागली. नवनाथच्या ओठावर अजून नीट मिसरूड नव्हती, आणि तो भर बाजारतळावर म्हणत होता, "मी सव्वीस वर्षांची व्हते. पोट दुखायचं. मुकादम म्हणला, पिशवी काढून टाक, मंजी कामाला खाडा पडायचा न्हाई." नवनाथचा बापही टोळ्या नेणारा मुकादम आहे. हे अख्ख्या बाजारतळाला माहीत होते. त्या शब्दाआधी पोरगा क्षणभर थांबला. साखळी थांबली.  मग त्याने 'मुकादम' हा शब्द जसाच्या तसा उच्चारला आणि वाक्य माझ्या हातात दिले.  चौकातल्या ढाब्यासमोर एका ट्रकवाल्याने इंजिन बंद केले, त्याच्या मागच्यानेही केले.

पुढे कोण बोलते आहे ते मला दिसत नव्हते, इतक्या लांब होतो. पुढची वाक्ये अशी आली.

"डॉक्टर म्हणला, न्हाई काढली तर कॅन्सर व्हईल. मी काढली. जखम ओली असतानाच फडात गेले."

"मला भाऊ हाय. गावोगाव भोंगे लावतो."

मी ते म्हणालो. म्हणून झाल्यावर मला कळले.

"त्याला मी न्हाई सांगितलं. त्यानं इचारलं असतं, कावून काढली. अन् मला त्याचं उत्तर ठावं नव्हतं."

हे वाक्य मी पुढे दिले नाही. मागे बाया वाट बघत होत्या. लांबलांबून आल्या होत्या आणि माझ्या तोंडाशिवाय त्यांना ऐकू येणार नव्हते. सगळी साखळी माझ्यासाठी थांबली. नवनाथने फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ते वाक्य म्हणालो. माझ्या बहिणीचे वाक्य मी 'मी' म्हणून बोललो. घरात 'पोटाचं आपरेशन' एवढेच सांगितले गेले होते, आणि घरातल्या कोणाला त्याच्यापुढे काही माहीत नव्हते.

मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "माझंबी आसंच हाय." मग दुसरी उठली. मग किती, ते मी मोजले नाही. आता वाक्ये उलटी, मागून पुढे जाऊ लागली. इतकी माणसे एका जागी आणि इतकी शांतता मी बघितली नव्हती. मी थक्क झालो होतो आणि अजून आहे. कोण ही पोरे? यांना कोणी शिकवले? यांच्यातल्या अर्ध्यांच्या आयांनी ऊस तोडला, उरलेल्यांच्या बापांनी तोडून घेतला, आणि ती एका साखळीत उभी होती. त्या रात्री माझे जेवण राहिले.

त्यानंतर गटाला बसायला जागा राहिली नाही. भाड्याची खोली गेली, वाचनालयाचा ओटा गेला. म्हणून ती माझ्या दुकानात बसू लागली. आता कोणत्याही गावची बाई पोट दुखते म्हणून दवाखान्याला निघाली की आधी चौकात उतरते. दुकानातून एक पोरगी तिच्याबरोबर जाते, दुसऱ्या डॉक्टरला दाखवते, कागद वाचते, प्रश्न विचारते. एकटी बाई ऑपरेशनच्या टेबलावर जात नाही. विजयमालाही हंगाम संपला की तिथे येऊन बसते. नव्या बाईला पहिला चहा तीच देते आणि शेजारी बसते. कित्येक बाया ऑपरेशन न करता परत गेल्या आणि बऱ्या आहेत. दुकान विकले तर बाई एसटीतून उतरून कुठे जाणार? विजयसिंहांच्या फोटोखाली?

कलम ७. दुकान विकता, गहाण टाकता किंवा कोणत्याही पक्षाला वापरायला देता येणार नाही. खुर्च्या आणू नयेत, सतरंजी आहे. माझा फोटो लावू नये. पाटी तीच ठेवली तरी चालेल, नाही ठेवली तरी चालेल.

कलम ८. हे कलम आज वाढवले आहे. वकीलसाहेबांचा सल्ला होता की मृत्युपत्र पाकिटात बंद करावे, मुलाला आत्ताच कळू देऊ नये. मालनबाई म्हणाली, "लपवून ठिवलं तर तुमी गेल्यावर त्यो माझ्याशी भांडंल. आत्ताच वाचा, मंजी तुमच्याशी भांडंल." तिचे म्हणणे मला पटले.

म्हणून काल दुपारी दुकानात बसून मी वाक्य वाचत गेलो आणि अभिमन्यू तेच मोठ्याने म्हणत गेला, त्या दिवशीच्या नियमाने. विजयमाला होती, आम्रपाली होती, वकीलसाहेब होते. शिडीच्या कलमाला तो हसला. विजयसिंहांच्या माईकला त्याने कपाळावर हात मारला. मग मी वाचले, "तांदळे साऊंड सर्व्हिसचे दुकान मी सोबत गटाला देतो."

तो थांबला. "हे मी न्हाई म्हणणार, आण्णा."

"कावून?"

"म्हणलो की ते माझं बोलणं व्हईल."

 वकीलसाहेबांनी पुढचे कलम वाचायला खूण केली, तेव्हा आम्रपाली म्हणाली, "न्हाई साहेब, थांबायचं आसतं." आम्ही थांबलो. विजयमालेने त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने तो घेतला नाही, उठून चौकात गेला आणि टेम्पो काढून निघून गेला. आज हे लिहीपर्यंत आलेला नाही. मी त्याच्यावर रागावलेलो नाही. एवढे जड वाक्य मलाही एकदा लागलीच म्हणता आले नव्हते.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी रिकामी ठेवत आहे. वकीलसाहेब म्हणतात, कोणीही चालेल, ढाब्यावरचा वेटरही चालेल. मला चालणार नाही. ज्याचे दुकान जाते आहे त्याने सही करावी, नाहीतर हा कागद तसाच अर्धा राहू द्यावा.

वरील सर्व मजकूर मी वाचला, ऐकला आणि तोंडाने म्हणून पाहिला. तो माझा आहे.

ठिकाण : मांजरसुंबा, जि. बीड
दिनांक : २३ जून २०२५

लिहून ठेवणार : रामकिसन गणपत तांदळे (सही)

साक्षीदार पहिला : सिदू भानुदास घुले, पंक्चरचे दुकान, मांजरसुंबा चौक (सही. रामकिसनकाकांनी माझ्यासमोर सही केली.)

साक्षीदार दुसरा : अभिमन्यू रामकिसन तांदळे, मुलगा (सही. सायंकाळी आलो. आण्णांनी माझ्यासमोर पुन्हा सही केली. आत्या, आई अन् गटातल्या पोरींच्या समोर मोठ्यानं म्हणलो : तांदळे साऊंड सर्व्हिसचं दुकान मी सोबत गटाला देतो.)