एलजीटीएम म्हणजे काय

प्रिय तेजू,

सकाळी तुझा मेसेज वाचला आणि हातातला चहा गार झाला. म्हणे, सोमवारी कामावर परत यायचं ठरलं होतं, पण आता सरांना 'येत नाही' असं कळवते. दोन वर्षांत सगळं विसरले, नव्या पोरांसमोर हसं होईल. अगं बाई, हे तू लिहितेस? फोन केला तर तू मला बोलूच देणार नाहीस. तुझा भाऊ बाळासो आज कोल्हापुरात आलाय, संध्याकाळच्या एसटीनं चंदगडला परतेल. त्याच्या हाती हे पत्र देते. तुमचे आबा आता काठी टेकत काजूच्या बागेपर्यंत जातात, हे त्याच्याकडून ऐकलं आणि फार बरं वाटलं. त्यांच्या आजारपणात दोन वर्षं गावी राहून तू केलंस ते पोटच्या पोरानंही केलं नसतं. बाळासोला हे वाचून दाखवू नकोस.

माझे पहिले दिवस आठवतात का? लग्नानंतर आठ वर्षं घरी काढून मी शाहूपुरीतल्या आपल्या ऑफिसात आले. आपलं सॉफ्टवेअर करतं काय, तर कागलच्या कारखान्यांतल्या मशिनच्या प्रोग्राममध्ये कुणी, कधी, काय बदललं ते जपून ठेवतं, आणि बिघडलंच तर जुनी प्रत काढून देतं. एवढं साधं! पण माहितीपुस्तिका उघडली की ओळीओळीला नुसती इंग्रजी अक्षरं. विचारायची लाज वाटायची. बाकीची पोरं तर ती अक्षरं शेंगदाण्यासारखी तोंडात टाकत होती.

आणि तो दिवस! माझ्या पहिल्याच दुरुस्तीखाली, काम तपासणाऱ्या धैर्यशीलनं नुसतं 'एलजीटीएम' लिहिलं. मला वाटलं, संपलं, काहीतरी भलतंच चुकलं. राजीनामा लिहिला आणि खाली पिराजीमामांच्या चहाच्या गाड्याजवळ रडत उभी राहिले. तू आलीस, सगळं ऐकलंस आणि इतकी हसलीस की मामांच्या हातातलं पातेलं हिंदकळलं. 'लुक्स गुड टू मी', म्हणजे मी बघितलं, मला ठीक वाटतंय, असं तू सांगितलंस. शाबासकीला घाबरून नोकरी सोडणारी बाई कोल्हापुरात मीच पहिली असणार की! पण हसून झाल्यावर तू डोळे पुसलेस. म्हणालीस, चूक तुझी न्हाय, आमच्या लिहिण्याची हाय.

मग तू पुस्तिकाच हातात घेतलीस. प्रत्येक लघुरूप पहिल्यांदा येईल तिथं पूर्ण लिहायचं, खाली मराठीत एक ओळ. 'डब्ल्यूआयपी: वर्क इन प्रोग्रेस. पीठ मळायचं चाललंय, भाकरी मागू नका.' सम्राट सरांनी ती ओळ खोडली, तू परत घातलीस. हे सगळ्यांना माहीत असतं, असं ते म्हणाले. विचारत नाहीत म्हणजे माहीत असतं असं न्हाय सर, म्हणून तू त्यांनाच ऐकवलंस. तेजू, त्या पानांच्या जिवावर मी टिकले. आज नव्या मुलींना मी शिकवते. आपल्यात मैत्रिणीला धन्यवाद म्हटलं की ती विचारते, डोकं फिरलंय का तुझं? म्हणून तोंडावर कधी बोलले नाही. आज लिहिते, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.

आता पत्र लिहायचं खरं कारण. तू गेल्यावर पुस्तिकेत नवी लघुरूपं येतच राहिली. आता तेजस्वी नाही तर राहू दे तशीच, असं सर म्हणाले. मी ऐकलं नाही. एकूण एक लघुरूप फोडून लिहिलं, खाली मराठी ओळ घातली. माझ्या ओळींना तुझ्यासारखी चव नाही, पण त्या पानांत तुझं कुठं अडणार नाही. अडेल कसं? लिहिताना दर वेळी डोळ्यांसमोर तूच होतीस, गावाहून परत आलेली आणि विचारायला लाजणारी. ती सगळी पानं सोबत पाठवतेय. सोमवारी येताना एसटीत वाच. मी पिराजीमामांच्या गाड्यावर तुझी वाट बघते.

तू कामाला लावलेली, तुझीच
पूर्णिमा