खाडाखोडीची पानं

३ मार्च
यांच्या स्मृतिदिनाच्या मैफलीचे आयोजक आले होते. पत्रिकेचा नमुना दाखवला. फोटोत यांच्या हातात व्हायोलिन नाही — ग्लास! वर छापलंय, 'झिंगलेले सूर'. "वहिनी, लोकांना तेच आवडतं हो." मला बोलायला पाच मिनिटं दिलीत. चोवीस वर्षं उलट्या पुसल्या, त्याची पाच मिनिटं!

४ मार्च
लेक व्हायोलिनवर हात फिरवत बसली होती. कपात चहा नव्हता. सकाळी अकरा वाजता! बोलले, तर म्हणते, "बाबांना लागायची, मलाही लागते. त्याशिवाय हात मोकळा होत नाही गं आई." बाप गेला. आता हिची पाळी?

७ मार्च
तीन दिवस यांच्या चालींच्या वह्या उपसतेय. हयात असताना हात लावू देत नसत. प्यायलेल्या दिवसांची पानं लगेच कळतात. अक्षरं उतरणीला लागलेली आणि समासात स्वतःच लिहिलेलं — 'वा! जमलं!' अशी शंभरेक पानं. त्यातली एक चाल कुणी वाजवत असेल तर शपथ.

आणि मग दोन निळ्या वह्या. सरळ अक्षर. 'वा' कुठेच नाही, नुसती खाडाखोड. एकेक ओळ सात-सात वेळा खोडलेली. ज्या नऊ चालींसाठी लोक यांना डोक्यावर घेतात, त्या सगळ्या इथे! शुद्धीत बांधलेल्या!

म्हणजे मी बाटल्या लपवल्या, मोरीत ओतल्या, शिव्या खाल्ल्या, ते फुकट गेलं नाही. खूप रडले. मग भाषण लिहायला बसले. वह्या तिथेच उघडून दाखवणार. लेकीने ऐकलंच पाहिजे.

९ मार्च
भाषण पाठ झालं.

१० मार्च
नणंद आली. निळ्या वह्या बघून तिचे डोळे भरले. "वहिनी, या मीच आणून दिल्या होत्या दादाला! घर सोडून आठ महिने माझ्याकडे राहिला ना, तेव्हा. थेंबाला शिवला नव्हता बघ."

"मग इथे परत आल्यावर का सुरू केली?"

तिने चहा संपवला आणि निघाली.

माझ्यापासून लांब होते तेव्हा बरे होते. एवढंच. वह्या दाखवल्या की कुणीतरी विचारणारच, कधीच्या? काय सांगू?

पण लेकीचं काय?

१४ मार्च
घसा बसलाय म्हणून सांगितलं. वह्या घरीच ठेवल्या. अध्यक्ष म्हणाले, "दारू नसती तर हे सूर नसते!" सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. लेकीने वाजवल्या. मीही वाजवल्या.