कव्हरवरचे लाल डाग

८ सप्टेंबर २०२५
कल्याणहून लेकीचा, वंदनाचा फोन. रविवारी रत्नप्रभाला जाऊन वर्ष होईल. आमच्या लग्नात वाजलेल्या रेकॉर्डचं कव्हर तिला फ्रेम करायचंय. त्यावर आईची निशाणी आहे म्हणे. कसली ते सांगत होती, मी फोन ठेवला. शेणवे गावात चाळीस वर्षं लग्नांना लाउडस्पीकर लावणाऱ्याला रेकॉर्डबद्दल काय शिकवणार? निशाणी म्हणजे सही. दुसरं काय असणार.

९ सप्टेंबर, सकाळी ७
ट्रंक उघडली. कुबट वास, सगळ्या कव्हरांना बुरशी. डोळ्यांना पाणी आलं. ॲलर्जी. रत्नप्रभा दर पावसाळ्याआधी ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालायची. यंदा राहिलं.
संकल्प: रोज दहा कव्हरं साफ.

१० सप्टेंबर
ऊन नाही. मूडही नाही. एकही नाही.

११ सप्टेंबर
शेजारची चिमाबाई म्हणाली, कोरड्या फडक्यानं पुसून ठेव. तिला काय कळतं. मी साबणाच्या पाण्यात सोडा टाकला. लग्नाच्या कव्हरच्या कोपऱ्यात चार पिवळट डाग होते, पाणी लागताच लालभडक झाले. बुरशीची जहाल जात असावी. अर्धा तास घासलं, साफ गेले. सही मात्र सापडली नाही.

१२ सप्टेंबर, दुपारी
वंदनाला कळवलं, कव्हर नव्यासारखं. तिनं विचारलं, आईची हळदीची बोटं नीट आहेत ना.
हो म्हटलं.
जेवलो नाही.

१३ सप्टेंबर
प्लॅन तयार. डब्यातली हळद, थोडं पाणी, माझी चार बोटं. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
वंदना आली. बुद्धवंदना झाली. तिनं कव्हर घेतलं, डागांवर आपली बोटं ठेवून पाहिली. हळूच म्हणाली, "बाबा, आईची बोटं इतकी जाड नवती."
फ्रेम पिशवीतच परत गेली.
ट्रंक बंद आहे, तरी डोळ्यांचं पाणी थांबत नाही. ॲलर्जी नाही ही.
आमच्या लग्नाच्या वेळी गावात स्पीकर एकच, माझा. म्हणून नवरा असूनही नवरीच्या हळदीत रेकॉर्ड लावायला मीच. चहाला गेलो आणि सुई अडकली, एकच ओळ पुन्हा पुन्हा. रत्नप्रभा पाटावरून उठली आणि हळदीच्या हातांनी रेकॉर्ड बदलली. मी धावत आलो. तिच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य: कव्हर खराब केलंस.