फ्रीज आपोआप बंद पडतो, त्याबद्दल

कोल्हार,
मंगळवार, दुपार

ती. लंकाअक्का यांस,

आदिनाथचा कोल्हारहून पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत, म्हैस व्याली का, आणि जामखेडला पाऊस पडला की नुसतीच हवा करून गेला, ते कळवावे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (सगळे म्हणजे मी आणि छबू. ओंकार आणि सूनबाई पुण्यात खुशाल असतात, तसं ते दर रविवारी मोबाईलवर दाखवतात.) फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण मागच्या खेपेला मी फोनवर ‘फ्रीज गेला’ म्हणालो, तर तुम्ही ‘कोण गेलं?’ म्हणून रडायलाच लागलात. शिवाय फोन करताना छबू, तुमची धाकटी बहीण, माझ्या शेजारीच बसलेली असते, आणि काही गोष्टी तिच्यादेखत बोलता येत नाहीत. म्हणून लिहितो. चष्मा पुसून, सावकाश वाचा.

फ्रीज तुम्ही पाहिलेला आहे. लाल, एका दाराचा. ओंकार शाळेत जायला लागला त्या वर्षी घेतला. आता ओंकारचे केस विरळ झाले, पण फ्रीज बर्फ धरत होता, कारण माझी निगा. फ्रीज भिंतीला चिकटवायचा नाही, मागे हात जाईल एवढी जागा ठेवायची. मागची जाळी दर सणाला ब्रशने झाडायची. दूध ऊन-ऊन आत ठेवायचं नाही. दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसायचं, आणि दारात कागद धरून दार लावून बघायचं. कागद सुळकन निघाला तर रबर गेलं समजा. बर्फ साठला तर फ्रीज बंद करून तो आपसूक वितळू द्यायचा, त्याला सुरी-उलथनं लावायचं नाही. (शेजारच्या भिमाबाईंनी लावलं. आतून फुस्स आवाज आला. त्या फ्रीजमध्ये त्या आता गोधड्या ठेवतात.) छबू म्हणायची, एवढी निगा माझी केली असती तर मी अजून पोरीसारखी दिसले असते. तेव्हा आम्ही हसायचो.

तर असा हा फ्रीज उन्हाळ्यापासून आपोआप बंद पडायला लागला. सकाळी झकास चालू, आणि संध्याकाळी दार उघडावं तर आत अंधार, दूध नासलेलं, कोथिंबिरीने मान टाकलेली. अक्का, मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर उभा राहून हयात घालवलेला माणूस. काट्यात खोट आली की ती कुठे आहे हे सापडेपर्यंत मला जेवण जायचं नाही. पहिला संशय मी व्होल्टेजवर घेतला, आणि व्होल्टेजवरून आमच्या मागच्या बन्सीच्या पिठाच्या गिरणीवर. त्याच्याकडे जाऊन चांगला भांडलो. तो म्हणाला, “काका, गिरणीची लाईनच येगळी हाय. तुमच्या फ्रीजला माझं पीठ खपंना का काय?” शेवटी मला खोटं पाडायला त्याने एक दुपार गिरणी बंद ठेवली. दळणाचे डबे घेऊन बायका बन्सीच्या दारात न थांबता माझ्या दारात येऊन थांबल्या, आणि काय काय बोलल्या ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. फ्रीज त्याही दुपारी बंद पडलाच.

मग मला वाटलं, उंदराने वायर कुरतडली असेल. म्हणून फ्रीज एकट्याने पुढे ओढला. आता फ्रीजच्या मागे खाली एक ताटली असते, वितळलेलं पाणी त्यात साठतं, ती मधूनमधून काढून धुवायची असते. एवढी निगा राखणारा मी, पण ही ताटली एवढ्या वर्षांत मला कधी भेटलीच नव्हती. ती त्या दिवशी माझ्या पायजम्यावर येऊन भेटली. त्या वासाने आठवडाभर भिमाबाई आमच्याकडे फिरकल्या नाहीत. वायर शाबूत होती.

शेवटी गोरक्षला बोलावलं. हा आमच्याकडचा फ्रीजचा मेकॅनिक. त्याने मागे हात लावून पाहिला, कान लावून पाहिला, आणि म्हणाला, “काका, फ्रीज ठणठणीत हाय. बटन बंद हुतं.” मी म्हणालो, बटण काय स्वतः उठून बंद होतं? थंडी कमी-जास्त करणारा तो आतला पार्ट मी हट्टाने बदलून घेतला. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. गोरक्ष पुन्हा आला, पुन्हा म्हणाला, बटन बंद हुतं. त्या दिवशी छबूने त्याला चहा दिला. तो संपतो न संपतो तोच दुसरा आणून दिला आणि म्हणाली, आल्यापासून चहासुद्धा विचारला नाही बघ तुला. त्याने तोही गुपचूप घेतला. मला वाटलं, पोरगा चहाबाज आहे.

मग मी पाळत ठेवायची ठरवली. जेवण झाल्यावर लोणीला जातो म्हणून निघालो, रस्त्यावरून वळसा घेऊन परसदाराने आत आलो आणि स्वयंपाकघरात बाजरीच्या पोत्यांआड बसलो. (या वयात पोत्यांआड बसणं सोपं, उठणं अवघड.) फ्रीज घूंऽऽ करून सुरू झाला. छबू बाहेरच्या खोलीतून आली. दारात थबकली, कान देऊन ऐकलं, आणि एकदम पदर खोचून धावली. खटकन बटण बंद केलं. मग परसदारी जाऊन तोंडापुढे हात धरून तिने मोठ्याने हाळी दिली, “आक्काऽऽ, बंद केली गंऽऽ!”

थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. पुन्हा ओरडली, “आक्का, ऐकू आलं का? हीर तळाला गेली, मोटर जळंल!”

माझा पाय पोत्याला लागला. तिने वळून पाहिलं. मला वाटलं, आता पोत्यांआड बसल्याबद्दल माझी खरडपट्टी निघणार. पण ती चोरी सापडल्यासारखी हळू आवाजात म्हणाली, “अण्णांना सांगू नका हां. मला डुलकी लागली हुती.”

अक्का, पुढचं मी तुम्हाला काय सांगू? विहीर तुमची, मोटर तुमची. तुम्ही लांबच्या कडेला वाफ्यांची दारं धरून पिकाला पाणी द्यायचात, छबू विहिरीवर मोटरीपाशी बसायची, आणि पाणी तुटायला लागलं की तिने बंद करून तुम्हाला हाळी द्यायची. तुमच्या वडिलांना, अण्णांना, जाऊनसुद्धा किती वर्षं झाली.

नगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे, अलीकडचं आधी जातं, जुनं मागे राहतं. मी सवयीने विचारलं, कुठला पार्ट गेलाय आणि बदलून मिळेल का. डॉक्टर तरुण आहेत, पण हसले नाहीत. म्हणाले, बदलता येत नाही काका, आहे ते जपायचं. तिला चुकीचं ठरवू नका, घाबरवू नका. परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती, खुशीत होती. प्रवरेचा पूल आला तेव्हा म्हणाली, केवढं पाणी आहे यांच्याकडे.

ओंकार म्हणतो, अजिबात आवाज न करणारा नवा फ्रीज पाठवतो, म्हणजे ती बंद करायला जाणार नाही. त्याचं चुकत नाही. पण मी नको म्हणालो. दिवसभर ती कुठेतरी बघत बसते, हाक मारली तरी लवकर वळत नाही. तो घूंऽऽ आवाज आला की मात्र तिला काम असतं. आता मीच तिच्याबरोबर जातो. ती बटण बंद करते. गोरक्षने बजावलंय की एकदा बंद केल्यावर लगेच चालू करायचा नाही, थोडं थांबायचं, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो. तेवढा वेळ आम्ही दोघं परसदारी उंबऱ्यावर बसतो. त्या वेळात ती बोलते. तुम्ही तिला बांधावर बसवून हरभरा सोलून द्यायचात, तिने घागर फोडली तेव्हा ‘मीच फोडली’ असं सांगून अण्णांचा मार तुम्ही खाल्लात. इतका संसार झाला आमचा, पण हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मग तिला पेंग येते. ती निजली की मी फ्रीज चालू करतो. दूध बहुतेक टिकतं. परवा ती निजल्यावर मी फ्रीजचं दार उघडून आत तोंड घालून रडलो, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. पण दार फार वेळ उघडं ठेवू नये, म्हणून लवकर आटपलं.

बाकी सर्व ठीक. काळजी करू नये. गुडघे सांभाळावे, एवढ्या लांब येण्याचा त्रास मुळीच घेऊ नये.

तुमचा,
आदिनाथ

ता. क. – त्रास घेऊ नये असं वर लिहिलं, ते रीत म्हणून लिहिलं. अक्का, या. ओंकार गाडी पाठवेल. रोज दुपारी ती परसदारी उभी राहून तुम्हाला हाका मारते आणि पलीकडून उत्तर येत नाही. मी एकदा बन्सीच्या भिंतीमागे जाऊन बायकी आवाजात ‘बरं गंऽऽ’ म्हणून पाहिलं. तिने ओळखलं. म्हणाली, आक्का नाही ही, कुणीतरी बाप्या ओरडतोय. (गिरणीवरच्या बायकांनीही ऐकलं.) तेव्हा ते काम तुमचंच आहे. तिला तुमचा आवाज ओळखू येतोय तोवर येऊन एकदा ओ द्या.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवणार तेवढ्यात छबू येऊन बसली. कुणाला लिहिताय म्हणाली. अक्कांना, म्हणालो. तिला फार आनंद झाला, म्हणाली, माझंबी लिवा. ती सांगते तसं लिहितो: “आक्का, माजी काळजी करू नगं. हितं ज्यांच्याकडं मी ऱ्हाते ते म्हातारबाबा लई चांगले हायेत. यळच्या यळी जेवू घालत्यात. फक्त बोलत्यात फार. पर मी ऐकून घेते. एकटे हायेत बिचारे.”