बरोबरच्या बटणावरची टिकली

६ एप्रिल
परत नापास! वीजवाहिन्यांचा तोच पेपर. बाकी सगळे विषय सुटले, हा एकटा मानगुटीवर. मोटारींच्या कारखान्यातल्या बाईंनी फोनवर सरळ सांगितलं — "जुलैपर्यंत पास हो, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला." कोइमतूरात असं काम परत मिळायचं नाही. अम्माला अजून कळवलं नाही.

९ एप्रिल
उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आली. हॉस्टेलच्या खोलीतल्या पूंगोदै अक्कांना दाखवली. त्यांचं इंजिनिअरिंग माझ्या कितीतरी आधीचं. एवढं डोकं, आणि शाळकरी पोरांच्या शिकवण्या का घेत बसल्यात, देव जाणे.

अक्का खो खो हसल्या. "तेन्मोळि, अगं सगळी उत्तरं अर्धीच! या कॅल्क्युलेटरच्या पट्टीवर संमिश्र संख्येचा आधी नुसता वास्तव भाग दिसतो. काल्पनिक भाग बघायचा तर शिफ्ट दाबून बरोबरच्या चिन्हाचं बटण दाबायचं. तू एक इडली खाऊन पानावरून उठतेस, वेडे!"

मग कपाळावरची लाल टिकली काढून त्या बटणावर चिकटवली. काय बाई आहे!

१४ एप्रिल
आज पुत्तांडु, आमचं नवं वर्ष. खाली सगळ्या आंब्याची पच्चडी चाटतायत आणि मी संमिश्र संख्येचं वर्गमूळ काढतेय. कॅल्क्युलेटर काढूनच देईना. दर वेळी 'एरर'! फेकला गादीवर.

अक्कांनी उचलून पदरानं पुसला. "त्याच्यावर का डाफरतेस? येत नाही ते येत नाही म्हणून सांगतंय बिचारं. खोटं उत्तर दिलं असतं तर?"

मग कागदावर एक बाण काढला. लांबीचं वर्गमूळ घ्यायचं, कोन निम्मा करायचा. एकशे साठचे ऐंशी अंश. संपलं! आकडेमोड कॅल्क्युलेटरची, विचार आपला. मी बघतच राहिले. चार वर्षांत कॉलेजात हे कुणी असं सांगितलं नव्हतं. की मीच ऐकलं नव्हतं?

२ मे
आज सगळी गणितं बरोबर. सगळी! आनंदाच्या भरात म्हणाले, "अक्का, तुम्ही तर हा पेपर पहिल्याच फटक्यात काढला असणार!"

"कॉफी निवतेय," म्हणाल्या.

१० मे
अक्कांसारखं व्हायचंय. बस.

१९ मे
पेपर झाला. हॉलमध्ये गेले तर पुढच्या बाकावर ओळखीची वेणी. अक्का! मला वाटलं, सोडायला आल्या. पण हातात याच पेपरचं हॉल तिकीट होतं. बाकावर कॅल्क्युलेटर, त्याच्याही बरोबरच्या बटणावर लाल टिकली. मला पाहून मान खाली घातली.

बाहेर आल्यावर विचारलं, का नाही सांगितलंत? "सांगितलं असतं तर शिकली असतीस माझ्याकडून?" मग हळूच — "येतं गं सगळं. हॉलमध्ये बसलं की हात कापायला लागतात. दर वेळी. आज मात्र मागून तुझी बटणं ऐकू येत होती. पोरगी टिकली दाबतेय, म्हटलं. मग माझेही हात चालले."

मी रस्त्यातच रडले. त्या माझीच समजूत काढत होत्या.

८ जुलै
निकाल लागला. आधी अक्कांचा नंबर टाकला — पास! अक्का पास! खालपर्यंत ओरडत गेले. माझा नंबर टाकायचा राहिलाच आहे.